तार कुंपणाच्या कामाला योग्य पक्कड मिळावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी केलेल्या पीकनुकसानीच्या बातम्या, हंगाम कोणताही असो, येतच असतात आणि त्यांच्या जोडीला कुंपणासाठी अनुदान वाढवून मिळावे, ही मागणीही छापून येते. मागणी रास्तच आहे. परंतु अनुदानातून असो वा पदरच्या पैशाने असो, जे कुंपण आज मराठवाड्यात उभे राहते आहे ते कोणत्या अवजाराने आणि कोणत्या पद्धतीने बांधले जाते, याविषयी कोणी सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी (फिटर) हा विषय शिकवून निवृत्त झाल्यानंतर मी जिंतूर तालुक्यात शेती करतो, त्यामुळे हा विषय कार्यशाळा आणि शेताचा धुरा (बांध) अशा दोन्ही बाजूंनी माझ्या परिचयाचा आहे. पत्र थोडे लांबले तरी ते प्रसिद्ध करावे, अशी विनंती आहे.

कुंपण करायचे ठरले की आपल्याकडे सगळी चौकशी तारेच्या आणि खांबाच्या भावाची होते. बारा गेजची तार घ्यावी की चौदाची, लोखंडी अँगल घ्यावा की सिमेंटचा पोल, रनिंग फुटाला मजुरी किती पडते, यावर पारावर दिवसचे दिवस चर्चा चालते. मग ठेकेदाराची टोळी येते, झटपट काम उरकते आणि पैसे घेऊन पुढच्या गावाला जाते. त्या टोळीच्या हातात पाहिले तर एक पहार, एक हातोडी आणि वायरमनच्या पिशवीतली आठ इंची पक्कड असते, जिचे दात बहुधा झिजलेले असतात. दुसरा पावसाळा सरेपर्यंत कोपऱ्याचा पोल आत झुकतो, खालची तार एका ठिकाणी जमिनीला टेकते तर दुसऱ्या ठिकाणी हातभर वर राहते, बांधणीची तार गंजून गळून पडते आणि रानडुक्कर पूर्वी जिथून येत होते तिथूनच पुन्हा आत शिरते. दोष तारेच्या कंपनीला दिला जातो. माझे स्पष्ट मत असे की, अशा बहुतेक कुंपणांत तार निर्दोष असते आणि ती ओढताना, कापताना व बांधताना झालेली हेळसांड मात्र कोणाच्या हिशेबात धरली जात नाही.

कुंपणाच्या कामासाठी स्वतंत्र पक्कड असते, जिला दुकानदार फेन्सिंग प्लायर म्हणतात. तिची लांबी साधारण दहा ते साडेदहा इंच असते. नेहमीच्या पकडीसारखे तिचे तोंड सरळ पुढे निमुळते झालेले नसून आडवे असते. त्याच्या एका अंगाला हातोडीचा चपटा माथा असतो आणि दुसऱ्या अंगाला किंचित वळलेले अणकुचीदार टोक असते, ज्याचा आकार पक्ष्याच्या चोचीसारखा दिसतो. दोन्ही जबड्यांच्या मध्ये दाते पाडलेली पोकळी असते, तिच्यात तार किंवा खिळा धरता येतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना तार कापण्याच्या खाचा असतात. दोन दांड्यांच्या मध्ये, सांध्याच्या लगत, तार चिमटीत धरून ओढण्यासाठी आणखी एक जागा असते. म्हणजे ठोकणे, उपटणे, धरणे, पिळणे, ओढणे आणि कापणे ही कामे एका हातातल्या एकाच अवजाराने होतात, आणि धुऱ्यावरून दिवसभर पुढे सरकत जाणाऱ्या माणसाला ही सोय फार मोलाची असते, कारण पिशवी मागच्या पोलजवळ राहिली म्हणून परत जाण्याचा त्याचा फेरा वाचतो.

तिचा आकार असा का आहे, हे समजून घेतले तर ती आपल्या उपयोगाची किती, हेही ठरवता येते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शेती करणाऱ्या जोसेफ ग्लिडन यांना १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि तिथल्या मोकळ्या माळावर ही तार झपाट्याने पसरली. तिथले खांब लाकडाचे होते. लाकडी खांबावर तार बसवायची ती इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या दुपायी खिळ्याने, आणि तो खिळा ठोकण्यासाठी माथा व उपटण्यासाठी चोच, असे हे अवजार घडत गेले. मराठवाड्यात लाकडी खांब वाळवीपुढे टिकत नाहीत आणि चांगले लाकूड आता परवडतही नाही, म्हणून आपल्याकडे अँगल किंवा सिमेंटचे पोल वापरले जातात आणि तार त्यांच्या छिद्रांतून ओवलेल्या बांधणीच्या तारेने पिळून बसवली जाते. त्यामुळे या पकडीची चोच आपल्या शेतात फारशी कामाला येत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो; जुन्या बांधणीचा घट्ट बसलेला पीळ उकलण्यापुरताच तिचा उपयोग होतो. तरीही उरलेल्या चार-पाच कामांसाठी ही पक्कड आठ इंची पकडीपेक्षा कितीतरी सरस आहे.

किनवट-माहूरकडे, किंवा कुठेही कोणी अजून लाकडी खांब वापरत असेल, त्याच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. दुपायी खिळ्याचे दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेत ठोकले तर खांब उभा चिरतो, म्हणून खिळा किंचित तिरका धरून दोन पाय दोन वेगळ्या रेषांत जातील असे पाहावे. दुसरे म्हणजे तो पूर्ण आत ठोकू नये. तार त्याच्याखाली मागेपुढे सरकेल एवढी फट ठेवावी. तार लाकडात रुतेपर्यंत ठोकली की तिच्यावरचा जस्ताचा थर चेंगरतो आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. खिळा काढताना चोचीचे टोक खिळ्याच्या कमानीखाली ठेवून पकडीच्या माथ्यावर दुसऱ्या हातोडीने हलका ठोका द्यावा आणि मग दांडा कलवावा.

आता कापण्याविषयी. बाजारातल्या काटेरी तारेवर १२ बाय १२, १२ बाय १४ किंवा १४ बाय १४ असे लिहिलेले असते. पहिला आकडा लांब धावणाऱ्या दोन तारांचा गेज असतो आणि दुसरा काट्याच्या तारेचा. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे अजूनही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बारा गेजची तार २.६४ मिलिमीटर जाड असते आणि चौदा गेजची २.०३ मिलिमीटर, जाडीतला फरक डोळ्यांना थोडा वाटतो, परंतु छेदाच्या क्षेत्रफळात चौदा गेजची तार बाराच्या सुमारे साठ टक्केच भरते. बारा गेजची तार आठ इंची पकडीने कापता येते, पण दोन्ही हातांनी दाबून, वाकवून, मोडून. अशा वेळी टोक धारेने न तुटता चेंगरून फाटते आणि त्याचे कुसळ पुढे तळहातात घुसते. कुंपणाच्या पकडीत कापण्याची खाच सांध्याच्या अगदी जवळ असते आणि दांडे लांब असतात. हात सांध्यापासून सात इंचांवर आणि खाच पाऊण इंचावर धरली तर हाताच्या जोराच्या नऊपटीहून अधिक दाब तारेवर पडतो. एका दाबात साफ कापते, मनगट दुखत नाही. मात्र अलीकडे मिळू लागलेली हाय टेन्साइल तार या पकडीने कापण्याचा हट्ट धरू नये, कारण ती तार फार कडक असते आणि साध्या पोलादाच्या धारेला खांडे पाडते. तिच्यासाठी तशी धार असल्याचे लिहिलेले कटर घ्यावे.

धरण्याचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा आहे. जीआय तारेवरचा जस्ताचा थर हेच तिचे आयुष्य असते. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, त्यामुळे कापलेल्या टोकाला किंवा बारीक ओरखड्याला आजूबाजूचे जस्त काही काळ सांभाळून घेते. परंतु दातेरी पकडीने तार जागोजागी करकचून धरली आणि थर लांबवर खरवडला गेला तर हा बचाव तोकडा पडतो. म्हणून कुंपणात राहणाऱ्या तारेला दाते लागू देऊ नयेत. ओढायचे असेल तेव्हा जे टोक शेवटी कापून टाकायचे आहे तेच दातांत धरावे. मधेच धरावे लागले तर दांड्यांमधली जागा वापरावी. गवंडीकामातला मजूर इथे हमखास चुकतो, कारण स्लॅबच्या सळया बांधताना ओरखड्याची चिंता करावी लागत नाही.

सळई बांधणीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगायला हवे. स्लॅबच्या कामाची काळी बाइंडिंग वायर स्वस्त मिळते आणि मऊ असल्याने पिळायला सोपी जाते, म्हणून ठेकेदार तीच कुंपणाला वापरतात. तिच्यावर जस्ताचा थर नसतो. सिमेंटच्या आत ती सुरक्षित राहते. उघड्यावर, पावसात, ती एक-दोन पावसाळ्यांत तांबडी होऊन तुटते. महागाची काटेरी तार आणि दणकट पोल यांच्यामध्ये काही रुपयांची ही तार असते, आणि कुंपण झोपते ते तिच्यामुळे. बांधणीसाठी चौदा किंवा सोळा गेजची जीआय तारच मागून घ्यावी. ती थोडी कडक असते आणि सळई बांधण्याच्या हुकाने नीट वळत नाही, तिथे या लांब दांड्यांच्या पकडीची खरी गरज लागते: दोन्ही टोके एकत्र धरावी, पक्कड आपल्याकडे ओढत ओढत दोन ते तीन पूर्ण पीळ द्यावे आणि उरलेले टोक कापून पोलच्या बाजूला वळवावे. पीळ आणखी घट्ट करण्याच्या नादात पुढे रेटले की तार पिळाच्या बुडाशीच तुटते. एवढे करूनही मधल्या पोलांवरची बांधणी आवळून टाकायची नसते, आणि त्याचे कारण आपल्या हवेत व आपल्या जमिनीत आहे.

मराठवाड्यात कुंपणाचे काम बहुतांशी एप्रिल-मे महिन्यांत निघते, कारण रब्बी उचललेली असते आणि पेरणी अजून दूर असते. परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोच पारा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. उन्हात तापलेली तार तर हवेपेक्षाही गरम असते. पोलादाची एक मीटर तार एका अंशाने थंड झाली की सुमारे १२ मायक्रॉनने आखूड होते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण १०० मीटरच्या ओळीत ३० अंशांच्या फरकाला तो ३६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड इंच होतो. दोन्ही टोकांना जखडलेल्या तारेला आखूड होता येत नाही, म्हणून ती कोपऱ्याचे खांब ओढू लागते. बारा गेजच्या दोन सरळ तारांचा हिशेब केला तर एका ओळीची ही जादा ओढ सुमारे ८० किलो येते. काटेरी तार पिळलेली असल्याने थोडी लवते आणि प्रत्यक्षात ओढ त्याहून कमी पडते, हे खरे. तरी पाच ओळी धरल्या तर कोपऱ्याच्या एका पोलवर किती भार येतो, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

हा भार येतो त्या वेळी आपली काळी जमीन काय करत असते? पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि मऊ होते, आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. हे फुगणे-आकसणे दर वर्षी पोलला हलवत राहते. दीड फूट खड्ड्यात मुरूम-माती लोटून उभा केलेला कोपऱ्याचा अँगल पहिल्याच थंडीत आत झुकतो, उन्हाळ्यात तार पुन्हा सैल पडते, आणि मालक म्हणतो की तार वाढली. तार वाढलेली नसते, पोल सरकलेला असतो. यावर उपाय असा की, कोपऱ्याचे आणि वळणाचे पोल इतरांपेक्षा खोल घ्यावेत, ते काँक्रीटमध्ये बसवावेत आणि प्रत्येकाला दोन्ही ओळींच्या दिशेने तिरपे टेके द्यावेत. ओळ लांब असेल तर मधेही असा टेकेवाला पोल घ्यावा. मे महिन्यात तार ओढायचीच असेल तर ती सकाळी लवकर ओढावी, भर दुपारी तापलेली तार ताठ करू नये. मधल्या पोलांवर ती फक्त उंची राखण्यापुरती धरून ठेवावी, म्हणजे थंडी-उन्हाने होणारी हालचाल संपूर्ण ओळीत वाटली जाते आणि एखादे जनावर अंगावर आले तरी धक्का एकाच पोलवर बसत नाही.

ओढण्याचे काम आपल्याकडे पहारीला तार गुंडाळून किंवा सरळ ट्रॅक्टरच्या हुकाला बांधून करतात. ट्रॅक्टरची पद्धत मला अत्यंत धोक्याची वाटते, कारण चालकाला ताण जाणवत नाही आणि तार तुटली तर ती काट्यांसकट मागे झेपावते. लांब ओळीसाठी साखळीचे किंवा खटक्याचे तार ताणण्याचे साधन मिळते, ते वापरावे. दोन पोलांमधला थोडासा सैलपणा काढायचा असेल तर कुंपणाची पक्कड पुरते: तार तोंडात धरावी, पकडीचा माथा पोलला टेकवावा आणि दांडे कलवावे, म्हणजे तार थोडी पुढे सरकते आणि तेवढ्यात दुसऱ्याने बांधून घ्यावी. तुटलेल्या दोन तारा जोडताना टोके नुसती एकमेकांत अडकवून चालत नाही. दोन्ही टोके वीतभर एकमेकांवर घेऊन प्रत्येक टोक दुसऱ्या तारेभोवती पाच-सहा वेढ्यांनी जवळजवळ गुंडाळावे. सौर कुंपणात तर हा जोड ढिला राहिला की करंट पुढे जात नाही, आणि तिथे तांब्याच्या वायरचा तुकडा जीआय तारेला जोडला तर ओलीमुळे जस्त लवकर खाल्ले जाते.

ताणलेली तार कापणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे. आधी ताण सोडावा, दोन्ही बाजू कोणीतरी धराव्या किंवा पोलला बांधाव्या, स्वतः तारेच्या रेषेत उभे न राहता बाजूला राहावे आणि काटेरी तारेच्या दोन्ही तारा एकदम न कापता एकेक कापावी. चामड्याचे हातमोजे आणि साधा पारदर्शक चष्मा यांचा खर्च डोळ्यापुढे काहीच नाही. काटा लागल्यावर हळद लावून काम पुढे चालू ठेवण्याची आपली सवय आहे. हळद लावावी, पण धनुर्वाताचे इंजेक्शनही घ्यावे. आणि पकडीच्या दांड्यांवरचे रंगीत प्लास्टिक पाहून ती विजेच्या कामाला चालेल, असा समज करून घेऊ नये. ते केवळ हात घसरू नये म्हणून असते. एक हजार व्होल्टपर्यंत सुरक्षित असल्याची खूण जिच्यावर असते ती पक्कड वेगळी. शेजारच्या शेतात कुंपणात चोरून वीज सोडली जाते, अशी शंका असेल तर त्या तारेला कोणत्याच अवजाराने हात लावू नये. असे करणे वीज कायदा, २००३ नुसार वीजचोरीचा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात जनावरांबरोबर माणसेही मरतात.

ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ती म्हणजे कापलेल्या तारेचे तुकडे. बांधणी करत पुढे जाणारा मजूर प्रत्येक पोलजवळ दोन-तीन इंचांचे टोक कापून तिथेच टाकतो. ते गवतात पडते, गवत कापून गोठ्यात येते, किंवा कडब्याबरोबर कुट्टी यंत्रातून जाऊन आणखी बारीक व धारदार होते. गाय आणि म्हैस चारा आधी गिळतात आणि मागाहून रवंथ करतात, त्यामुळे तोंडात तार आल्याचे त्यांना कळत नाही. जड असल्याने ती पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसते, आणि हा कप्पा पोट व छाती यांमधल्या पडद्याला आणि पडद्यापलीकडच्या हृदयाला अगदी लागून असतो. पोट आकुंचन पावता पावता तार पडदा भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. जनावर चारा सोडते, दूध आटते, पुढचे कोपर बाहेर काढून अवघडून उभे राहते आणि पुढे गळ्याखालच्या पोळीला सूज येते. त्या टप्प्यावर उपचाराची आशा थोडीच उरते. देवणी किंवा लाल कंधारीची जातिवंत गाय अशा चार आण्याच्या तुकड्याने जाते, तेव्हा तिच्या मरणाचा संबंध गेल्या उन्हाळ्यात झालेल्या कुंपणाशी कोणी लावत नाही. परदेशांत जनावरांच्या पोटात चुंबक सोडून ठेवण्याची पद्धत आहे आणि आपल्याकडेही पशुवैद्यक तो सुचवतात, पण तुकडा मुळात पडूच न देणे हे त्याहून सोपे आहे. कुंपणाच्या पकडीने एका दाबात कापताना टोक जबड्याजवळ दुसऱ्या हातात धरता येते. आठ इंची पकडीला दोन्ही हात लागतात आणि तुकडा उडून जातो. कमरेला एक डबा बांधावा, तुकडे त्यात टाकावे, आणि काम संपल्यावर धुऱ्यावरून दोरीने बांधलेले चुंबक ओढत न्यावे. जुन्या स्पीकरमधले चुंबक यासाठी चालते.

या पकडीत उणिवा नाहीत असे नाही. ती जड असते आणि तिचे दांडे उघडल्यावर इतके फाकतात की लहान हाताच्या माणसाला एका हाताने मिटवता येत नाहीत. आपल्याकडे कुंपणाच्या कामावर महिला मजूरही असतात; त्यांच्या हाताला बसेल अशी आखूड पक्कड मला तरी तालुक्याच्या बाजारात दिसली नाही. स्वस्त मालात सांध्याची रिवेट ढिली निघते आणि मिटल्यावर कापण्याच्या खाचा एकमेकींवर नीट येत नाहीत, म्हणून विकत घेताना ती उजेडाकडे धरून पाहावी आणि दुकानातच तारेचा तुकडा कापून घ्यावा. हातोडीचा माथा आहे म्हणून तिने अँगल ठोकू नये. तो माथा दुपायी खिळ्यांपुरता आहे. काम झाल्यावर सांध्याला दोन थेंब तेल द्यावे.

माझी पहिली विनंती शासनाच्या यंत्रणेकडे आहे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेसारख्या योजनांतून वनालगतच्या गावांना कुंपणासाठी साहाय्य मिळते. माझ्या पाहण्यात आलेल्या अंदाजपत्रकांत तार, पोल, सिमेंट आणि मजुरी यांचे आकडे होते, अवजाराचा रकाना मात्र नव्हता. नानाजी देशमुख कृषी संजीवनी, म्हणजे पोकरा प्रकल्पातून गावोगावी ज्या अवजार बँका झाल्या, तिथे ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि मळणी यंत्रे आहेत. त्यांच्याच एका खणात तार ताणण्याचे साधन, कुंपणाच्या दोन पकडी, हातमोजे आणि चष्मे ठेवले तर खर्च मळणी यंत्राच्या एका सुट्या भागाएवढाही येणार नाही, आणि एकाच संचावर संपूर्ण गावाचे काम भागेल. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे यांनी जानेवारी-फेब्रुवारीत एकेक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे, आणि त्याला शेतकऱ्यांइतकेच आग्रहाने कुंपणाच्या टोळ्यांना बोलवावे, कारण बांधणी त्यांच्या हातून होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील जोडारीच्या मुलांना पकडीचे प्रकार पाठ असतात. त्यांनी एका सत्रात संस्थेच्याच आवाराचे पंचवीस फूट कुंपण बांधून पाहिले तर गावात परतल्यावर त्यांना चार पैसे मिळवून देणारे काम हाताशी येईल.

दुसरी विनंती आपल्या कृषी पुरवणीकडे आहे. कोपऱ्याच्या पोलचे टेके, तारेचा जोड आणि मधल्या पोलची सैल बांधणी, या तिन्ही गोष्टी शब्दांपेक्षा छायाचित्रांतून लवकर समजतात. मार्च उजाडण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केलीत तर येत्या उन्हाळ्यातल्या कामांना उपयोग होईल.

शेतकरी बांधवांना ठेका देताना एक करता येण्यासारखे आहे. रनिंग फुटाचा सरसकट दर ठरवला की टोळीचे सगळे लक्ष लांबी उरकण्याकडे जाते, म्हणून कोपऱ्याच्या आणि टेक्याच्या पोलचा दर नगावर वेगळा ठरवावा, बांधणीची तार जीआय असावी असे कागदावर लिहून घ्यावे आणि एकूण रकमेतला काही हिस्सा हातात राखून ठेवावा. तो जानेवारीतल्या कडक थंडीत कोपऱ्याचे पोल ओळंब्यात आहेत की नाहीत, हे ठेकेदाराच्या समक्ष तपासून मगच द्यावा.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक,
ता. जिंतूर, जि. परभणी